छापील आजोबा

आमच्या घरी कोणाचंही लग्न असलं आणि पंगती उठल्या की मला खुर्ची देतात. मग मी गोष्ट सांगतो. गोष्ट एकच: आमच्या आजोबांनी गावात संत्रा कसा आणला. ऐकणाऱ्यांना ती पाठ आहे, कुठे हसायचं आणि कुठे ‘अरे बापरे’ म्हणायचं तेही पाठ आहे. दर लग्नागणिक आजोबा थोडे जास्त चालतात. मी शाळेत होतो तेव्हा ते वरुडकडून कलमांच्या काड्या घेऊन एका दिवसात आले होते. माझ्या लग्नापर्यंत त्यांना दोन दिवस लागू लागले. पुतणीच्या लग्नात तर वाटेत नदीला पूर आला आणि आजोबांनी काड्या डोक्यावर बांधून नदी ओलांडली. बायको म्हणाली, घरात आणखी एखादं लग्न निघालं तर तुमचे आजोबा वाघ मारतील.

घरातल्या घरात हे चालून जातं. तिथे कोणी पुरावा मागत नाही. पुरावा मागायला शिकवलं ते मीच, आणि तेही माझ्याच विद्यार्थ्यांना.

मी मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्या पदाचं सरकारी नाव ‘अतिथी विद्वान’. अठरा वर्षं मुक्काम ठोकलेल्याला अतिथी म्हणणं अवघड आहे, आणि दुसऱ्या शब्दाबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. राहतो सौंसरला, जातो सकाळच्या बसनं. मराठी घेणारी पोरं असतात बारा-पंधरा. घरी आपली वऱ्हाडी बोलतात, शाळेत हिंदीत शिकून आलेली असतात, आणि निबंधात दोन्ही भाषा अशा कालवतात की तपासताना जेवल्यासारखं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी अभ्यासक्रमात प्रकल्प आला. पुस्तकाबाहेरचं काहीतरी पोरांकडून करून घ्यायचं होतं. मी प्राचार्यांना सांगितलं, ऑनलाइन ज्ञानकोशावर मराठी लेख लिहून घेतो. ही कल्पना मी एका शिबिरात दुसऱ्या कोणाकडून ऐकली होती. दुसऱ्याकडून ऐकलेलं स्वतःचं म्हणून सांगायची मला जुनी सवय आहे, हे या लिखाणात पुढे दिसेलच.

नागपूरहून एक तरुण बाई दोन दिवस शिकवायला आल्या. वयानं माझ्या पुतणीएवढ्या. कॉलेजातल्या आठ कॉम्प्युटरांपैकी तीन सुरू होते, म्हणून बाकीचं काम मोबाइलवर. पण पोरं त्यांच्यासमोर जशी चिडीचूप बसली तशी माझ्यासमोर कधी बसली नाहीत. बाईंनी सांगितलं, ज्ञानकोशात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही दुसऱ्याचं लिहिलेलं बदलू शकतं. म्हणून नियम कडक. आपल्याला माहीत आहे एवढ्यावर काही लिहायचं नाही. ते आधी कुठेतरी छापून आलेलं पाहिजे, आणि त्या छापील मजकुराचा संदर्भ वाक्याखाली द्यायचा. शक्यतो स्वतःच्या घरच्या माणसाबद्दल लिहायचं नाही. ‘थोर’, ‘सुप्रसिद्ध’, ‘लाडके’ हे शब्द खोडायचे.

एका पोरानं हात वर केला. “मॅडम, आमच्या मायनं सांगितलं असंन तरी नाही चालत?”

“तुमच्या आईंनी ते छापलंय का कुठे?” बाईंनी विचारलं.

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. ‘आमचे गाव निसर्गरम्य आहे’ असे सहा लेख आले आणि सहाही उडाले. एकीनं लोधीखेड्याच्या बाजारावर लिहिलं आणि संदर्भ म्हणून स्वतःच्या मामाचा मोबाइल नंबर दिला. गोटमारीच्या, म्हणजे दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात त्या जत्रेच्या, लेखावर दोघं मित्र बसले, एक पांढुर्ण्याचा आणि एक नदीपलीकडच्या सावरगावचा. एकानं लिहावं, दुसऱ्यानं खोडावं, असं तीन दिवस चाललं. जत्रेत त्यांच्यामध्ये जाम नदी असते. इथे एकच बाक होता. शेवटी कुठून तरी कोण्या जाणत्या संपादकानं दोघांनाही एका दिवसासाठी बंदी घातली. दोघं माझ्याकडे तक्रार घेऊन आले, तीही सोबतच, एकाच मोटरसायकलवर.

या सगळ्यात पोरांना एक गोष्ट कळली, आणि मलाही पहिल्यांदा नीट कळली. आम्ही छापलेलेच नाही. महाराष्ट्रातल्या मराठी पुस्तकांत आम्ही नाही, कारण आम्ही मध्य प्रदेशात. मध्य प्रदेशातल्या हिंदी पुस्तकांत आम्ही असतो ते एका ओळीपुरते, कापूस आणि संत्रा पिकवणारे म्हणून. त्या ओळीत माणूस नसतो. पोरं लायब्ररीतून रिकाम्या हातानं यायची आणि मी त्यांना सांगायचो, शोधा, शाळांच्या कपाटात शोधा, जुन्या स्मरणिका शोधा. फार आवेशानं सांगायचो.

वर्गात एक मुलगी माझ्याच गावची होती. गाव तिगाव स्टेशनापासून पुढे. आमचं घर वरच्या अंगाला, त्यांचं बुद्धविहाराच्या बाजूला. वडील पांढुर्ण्यात नोकरीला, पण राहणं गावातच. शांत पोरगी. वहीत समास सोडून लिहायची. प्रकल्पासाठी तिनं आपल्या गावाचा लेख घेतला. लोकसंख्या, तहसील, रस्ता, शाळा, सगळं सरकारी कागदांवरून रीतसर भरलं. मग संत्र्याचा भाग लिहिला. त्यात लिहिलं की गावात संत्र्याची पहिली कलमं तिच्या आबाजींनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी बांधली. ते तरुणपणी वरुडकडे एका पन्हेरीवर, म्हणजे रोपवाटिकेवर, मजुरीला होते. तिथे ते डोळा भरायला, म्हणजे कलम बांधायला, शिकले आणि काड्या घेऊन गावी आले.

दोन दिवसांत त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागली. आठवड्यानं वाक्य निघून गेलं.

ती माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, “सर, आबाजी आता पंच्याऐंशीच्या पुढे गेले. ते आहेत तोपर्यंत नाव यायला पाहिजे त्या पानावर. मी घरी सांगून बसली, मोबाइलवर दाखवीन म्हणून.”

एवढंच तिला हवं होतं. एक नाव, एका वाक्यात.

मी तिला समजावलं की नियम म्हणजे नियम, छापील पुरावा शोध. आणि तेव्हा मला गावच्या शाळेची पंच्याहत्तरीची स्मरणिका आठवली नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. आठवली होती. मला वाटलं, पंधरा वर्षांपूर्वीची स्मरणिका वाळवीनं खाल्ली असेल.

त्या स्मरणिकेबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडे स्मरणिकेचा एक रिवाज आहे. मागचं रंगीत पान जाहिरातीसाठी जो घेतो, त्याच्या घरून गावाचा इतिहास लिहून येतो. हे कोणी ठरवलेलं नाही आणि कोणी मोडतही नाही. त्या वर्षी मागचं पान माझ्या थोरल्या भावानं घेतलं. दादाची संत्र्याची पन्हेरी आहे; फाटकावर आजोबांचा मोठा फोटो आणि खाली ‘तीन पिढ्यांचा विश्वास’. तर दादाची जाहिरात गेली आणि सोबत माझा लेख गेला, ‘आमच्या गावचा संत्रा’.

आता लग्नात गोष्ट सांगणं वेगळं. तिथे आजोबा नदी ओलांडतात आणि लोक जिलेबी खातात. छापायचं म्हणजे तपशील पाहिजे. कलम कसं बांधतात ते मला माहीत नव्हतं. आजोबांनाही येत नव्हतं. त्यांना सुईत दोरा ओवता यायचा नाही, आणि आमचे वडील म्हणायचे की आजोबांच्या हातचा एकच डोळा गावानं पाहिला, तो रागानं वटारलेला. मग मी कोणाकडे गेलो? त्या मुलीच्या आबाजींकडे. दोनदा गेलो, वही घेऊन.

त्यांनी मला सगळं दाखवलं. ज्यावर संत्र्याचा डोळा बसवतात ते जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर वर साल कशी कापायची, चाकूच्या मागच्या टोकानं ती कशी उचलायची, डोळा आत कसा सरकवायचा. तेव्हा प्लॅस्टिकच्या पट्ट्या नव्हत्या, तर केळीच्या खोडाचं सोपट भिजवून त्याचे धागे करत आणि त्यानं बांधत. उन्हात काडी सुकू नये म्हणून ते ती दातांत धरत. दिवसभर तोंड कडू राहायचं, भाकरीही कडू लागायची. हे त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. घरी येऊन सगळं आजोबांच्या हातात ठेवलं. सोपट आजोबांनी भिजवलं. काडी आजोबांनी दातांत धरली. भाकरी आजोबांना कडू लागली. लेख चांगला उतरला. दादाला वाचून दाखवताना मीच रडलो.

त्या मुलीच्या आबाजींचं नाव लेखात नव्हतं. ‘काही मजुरांच्या साहाय्यानं’ असं होतं.

स्मरणिका सापडली. वाळवीनं माझा भरवसा मोडला. शोधून काढली ती त्या मुलीच्याच मैत्रिणीनं, शाळेच्या कपाटातून, आणि तीही मैत्रिणीला मदत करायची म्हणून. तिला कसला आनंद. शिकवल्याप्रमाणे तिनं पानाचा फोटो काढला, वाक्य लिहिलं, खाली संदर्भ लावला. ज्ञानकोशात आता आमच्या आजोबांचं पूर्ण नाव होतं, त्यांनी ‘स्वतःच्या हातांनी’ पहिली कलमं बांधल्याचं होतं, आणि तळाशी लेखक म्हणून मी होतो. मैत्रिणीला वाटलं सर खूश होतील. मी वर्गात तिला शाबासकीही दिली. काय करणार होतो? काम नियमानं केलेलं होतं.

त्या मुलीनं ते वाक्य काढलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं, सोबत टीप: संदर्भ असलेला मजकूर काढू नये. तिनं पुन्हा काढलं. या वेळी तिच्या नावावर इशारा आला की आपण आपल्या नातेवाइकांविषयी लिहीत आहात, कृपया दूर राहा. म्हणजे माझे आजोबा राहिले, आणि नात्यामुळे दोषी ठरली ती.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. केमिस्ट्रीचे सर खिडकीपाशी डबा खात होते. तिनं स्मरणिका माझ्यासमोर ठेवली. आत बसच्या तिकिटाची खूण घातली होती.

“सर, हे तुम्हीच लिहिलं नं?”

मी हो म्हटलं. जुनं आहे, असंही म्हटलं. जुन्याची जबाबदारी कमी असते अशा सुरात.

“केळीच्या सोपटाचं तुम्हाला कोणं सांगितलं?”

“आमच्या घरी सांगायचे.”

“आबाजी म्हणतात तुम्ही आमच्या घरी आले होते. दोनदा.”

मी चष्मा काढून पुसायला लागलो. चष्मा स्वच्छ होता.  तिनं आवाज न चढवता विचारलं, “सर, तुमच्या आजोबांनी एक तरी डोळा बांधला होता काय?”

“नाही,” मी म्हटलं. केमिस्ट्रीच्या सरांनी चावणं थांबवलं.

“मग हे तिथं लिहा नं.”

मला ते सोपं वाटलं, खरंच. त्याच दुपारी मी लेखाच्या चर्चापानावर गेलो. ते पान संपादकांनी आपसात वाद घालण्यासाठी असतं. तिथे लिहिलं की मीच त्या स्मरणिकेतल्या लेखाचा लेखक आहे, त्यातली माहिती चुकीची आहे, आजोबांनी कलमं बांधली नव्हती, खरा माणूस हा. नाव दिलं. चार वेळा वाचून पाठवलं आणि हलकं वाटलं. घरी येताना बसमध्ये शेंगदाणे घेतले.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, अतिशय सभ्य भाषेत. आपण लेखक आहात हे आम्ही कसं पडताळावं? आणि आपण असाल तरी, आपलं वैयक्तिक म्हणणं संदर्भ म्हणून घेता येत नाही. मूळ लेखाची दुरुस्ती कुठे छापून आली असल्यास कृपया तिचा तपशील द्यावा.

मी ते उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, “जन्मभर तोंडानं खोटं बोलले तं कोणी धरलं नाही. आता खरं बोलून राहिले तं कोणी घेत नाही. बरं झालं.” आणि खडे बाजूला काढत राहिली.

मग छापायचं कुठे? सौंसरच्या एका हिंदी पेपरच्या वार्ताहराला ओळखतो, त्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून विचारलं, सर, इसमें न्यूज क्या है? मी म्हटलं, सच है. तो हसला आणि संत्र्याच्या भावावर काही असेल तर द्या म्हणाला. आता उरली शाळा. शाळेची नवी पुस्तिका निघणार होती, तिचं काम समितीकडे होतं आणि समितीचा अध्यक्ष दादा. मागचं पान याही वेळी त्याचंच.

दादा पन्हेरीवर होता. पोरी ओळीनं बसून रोपांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या गुंडाळत होत्या. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पुस्तिकेत अर्धं पान दे, मला दुरुस्ती द्यायची आहे.

“अबे, पंधरा वर्षांनी आठवून राहिलं तुले?” दादा म्हणाला. “मी सांगितलं होतं काय तसं लिहायले? तूच लिहिलं, तूच वाचून दाखवलं, अन् तूच रडला.”

ते खरं होतं. मी म्हटलं, म्हणूनच मलाच निस्तरू दे.

“जंबेरी कोणाची होती? आपली. वावर कोणाचं? आपलं. विहीर आपली.”

“हात त्यांचे होते, दादा.”

“हाताले कोण विचारते?” त्यानं फाटकाकडे बोट केलं. “त्या फोटोले लोक हात जोडून कलमा घेऊन जातात. आता ते मोबाइलवर बी दिसते म्हणते पोरगा. अन् तू म्हणून राहिला का मी लिहू, फोटोतल्याले चाकू धरता येत नोता?”

समोर बसलेल्या पोरींपैकी दोघी हसल्या. मीही हसलो. दादासमोर मला लहानपणापासून हसू येतं. ते कशाचं असतं ते मी कधी तपासलं नाही. अर्धं पान मिळालं नाही. निघताना दादानं माझ्या बायकोसाठी लिंबाचं एक कलम दिलं, ते घेऊन आलो.

ती मुलगी म्हणाली, मग आबाजींचंच रेकॉर्डिंग करू. कुठे लागलं नाही तरी राहील तर खरं. रविवारी मी गावात गेलो. त्यांच्या घरी पुन्हा जायला मला पंधरा वर्षं लागली होती. आमच्या घरापासून पाच मिनिटांचा रस्ता आहे. आबाजी अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. हात गुडघ्यांवर. मुलीनं मोबाइल स्टुलावर उभा केला, टेकायला मागे पाण्याचा पितळी गुंड ठेवला. मी सतरंजीवर बसलो आणि खिशातून वही काढली. वही नको होती, रेकॉर्डिंग होणारच होतं. सवय.

आबाजींनी वहीकडे पाहिलं.

“तवा बी तुमी असेच वही घेऊन बसले होते, मास्तर,” ते म्हणाले.

मी म्हटलं, माझी चूक झाली. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही.

“मले वाटलं, हा माह्यावर लिहून राहिला. म्हून सारं सांगितलं. सुनेले म्हटलं, मास्तरच्या चहात दूध जास्त टाक.” ते पुढे सांगू लागले. “पुस्तक आलं तं पोरानं वाचून दाखवलं. सोपट आलं, काडी आली. मी म्हटलं, पुढं असंन माह्यं नाव. पुढं वाच. त्यानं पुढं वाचलं. मंग जाहिरातीच आल्या.”

मी सतरंजीची दशी ओढत राहिलो. पंधरा वर्षं हा माणूस रस्त्यात भेटला की मला ‘रामराम’ म्हणत होता, आणि मी ‘जयभीम’ म्हणून पुढे जात होतो. एकमेकांचा नमस्कार उलट करण्याएवढं सौजन्य आमच्यात होतं. त्यावर मी स्वतःला बरा माणूस समजत होतो.

मुलगी म्हणाली, “आबाजी, आता बोला. मी रेकॉर्ड करून राहिली. पहिल्यापासून सांगा.”

“नाई,” ते म्हणाले.

“काहून?”

“एकडाव सांगून पाह्यलं.”

तिनं खूप विनवलं. तिच्या वडिलांनी आतून येऊन सांगितलं. आबाजी बोलले नाहीत. माझ्यावर ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, म्हणून ते ओरडले नसावेत. चहा आला. नेहमीचा होता. रेकॉर्डिंगमध्ये सोळा मिनिटं आहेत. त्यात कोंबड्या आहेत, एक ट्रॅक्टर जातो, आणि मी तीनदा घसा खाकरतो.

प्रकल्पाची मुदत संपत आली होती. मुलीनं गावाचा लेख सोडला आणि जंबेरीच्या झाडावर लिहिलं: मूळ, पान, बी, उपयोग. शेतकी पुस्तकांतून प्रत्येक वाक्याला संदर्भ. लेख टिकला. एक अक्षरही कोणी खोडलं नाही. त्या वर्षी सगळ्यात जास्त गुण मी तिला दिले, आणि गुणपत्रक लिहिताना माझ्या लक्षात आलं की ते मी फार उदार हातानं देत होतो. तिच्याही लक्षात आलं असणार. तिनं धन्यवाद म्हटलं नाही.

गावाचं पान अजून तसंच आहे. आमचे आजोबा तिथे स्वतःच्या हातांनी कलमं बांधतात. पुतण्यानं ते वाक्य पन्हेरीच्या जाहिरातीत घेतलं आहे, खाली ‘ज्ञानकोशातून’ असं लिहून. मागच्या महिन्यात घरात लग्न झालं. मला खुर्ची दिली, मी नको म्हटलं, पोट बरं नाही म्हटलं. तर एका भाच्यानं उठून मोबाइलवरून वाचूनच दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गोष्टीला इतक्या कधी मिळाल्या नव्हत्या.

यानंतर एका संपादकांनी आठवणींच्या पुस्तकासाठी लेख मागितला. मला वाटलं, हे ठीक झालं. पुस्तक म्हणजे छापील. इथे लिहावं, आणि मग चर्चापानावर तपशील द्यावा: अमुक पुस्तक, अमुक पान. एका बैठकीत जवळजवळ सगळं लिहून काढलं, छापून घेतलं आणि त्या मुलीला वाचायला बोलावलं. ती आता पांढुर्ण्यातच बी.एड. करते. कॉलेजच्या पोर्चमध्ये बसून तिनं सगळं वाचलं, हातात पेन्सिल धरून. मी शिकवलेलीच पद्धत.

शेवटचं पान संपल्यावर तिनं परत पहिलं उघडलं. मग मधलं.

“सर, नाव कुठंच नाही.”

मी म्हटलं, आठवणी लिहिताना माणसांची नावं शक्यतो घालत नाहीत. वाचणाऱ्याला कळतं, संबंधितांना वाईट वाटत नाही, घरातही पुढे बोलाचाली नको. अशी चार-पाच कारणं सांगितली. लिहिताना यातलं एकही मनात नव्हतं. दादाचा चेहरा होता.

“स्मरणिकेत तुमच्या आजोबांचं पूर्ण नाव आहे,” ती म्हणाली. “दर पानावर आहे. नाव नसलं तर हे संदर्भ म्हणून लागत नाही, सर. तुम्हीच शिकवलं.”

“हो.”

“आबाजींचं एकदा टाका. एकाच ठिकाणी. बाकी मी पाहून घेईन.”

तिनं पेन्सिल माझ्याकडे केली. जागाही दाखवली: ‘तिच्या आबाजींनी’ असं जिथे पहिल्यांदा येतं ते वाक्य. तीन शब्द लिहायचे होते. नाव, बापाचं नाव, आडनाव. मला तिन्ही माहीत आहेत.

“दादाले विचारून पाहतो,” मी म्हटलं.

माझं वय बावन्न आहे.

तिनं पेन्सिल मागे घेतली, कागद सारखे करून माझ्या बाजूला ठेवले. तिच्या बसला अजून अर्धा तास होता. तरी ती उठून स्टँडकडे गेली.

याला बारा दिवस झाले. संपादकांचा काल फोन आला होता, लेख पाठवा म्हणून. दादाला मी अजून विचारलेलं नाही.